मालक-कामगार मिळून सुरक्षित कारखाना: बेळगाव सीमाभागातल्या छोट्या धंद्यांसाठी कमी खर्चाची पद्धत

उद्यमबागेत सात-आठ माणसांवर चालणारी फाउंड्री, वडगाव-शहापूर-खासबागेत घराच्या पुढच्या सोप्यात बसवलेले दोन-चार माग, निपाणीतली तंबाखूची वखार आणि गल्लीगल्लीत विड्या वळणाऱ्या बायका, खानापूर भागातल्या वीटभट्ट्या, संकेश्वर-हुक्केरीकडची गुऱ्हाळं, अथणीतले चप्पल शिवणारे. आपल्या सीमाभागातलं बरंचसं काम अशाच जागी चालतं. इथं सेफ्टी ऑफिसर नसतो, आणि इन्स्पेक्टरची गाडी सहसा या गल्ल्यांत वळत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी किमान १० आणि विजेशिवाय किमान २० कामगार असतील तरच त्या जागेला कारखाना म्हणत. त्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हेच आकडे २० आणि ४० झाले. बहुतेक छोटे धंदे या रेषेच्या अलीकडेच राहतात. मग सुरक्षिततेचं काम आतल्या माणसांनाच करावं लागतं. ते कसं करायचं, कुठून सुरू करायचं आणि कुठं थांबून जाणकाराला बोलवायचं, हे इथं सविस्तर देतो आहे.

पद्धत जुनी आणि पारखलेली आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९८० च्या दशकाच्या अखेरीस लहान उद्योगांसाठी ‘वाइज’ नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम आखला आणि तो आशियातल्या अनेक देशांत चालला. १९९० च्या दशकात व्हिएतनामच्या कॅन थो भागात तीच रीत शेतकरी कुटुंबांसाठी ‘विंड’ या नावानं बेतली गेली. जपानी कामगार संघटनांच्या पुढाकारानं ‘पॉझिटिव्ह’ नावाचा कार्यक्रम युनियनमार्फत पसरला. सगळ्यांचा गाभा एकच: जागेवर आधीच जे चांगलं आहे तिथून सुरुवात, चेकलिस्ट घेऊन एक फेरी, गटात बसून चर्चा, हाताशी असलेल्या सामानातून लगेच होणारी सुधारणा, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा बघणं.

आपल्याकडे ही रीत विशेष लागू पडते, कारण इथला पगार बहुतेक नगावर असतो. विड्या हजारावर, विटा हजारावर, साडी नगावर. यंत्राच्या फिरत्या भागावरचा जो गार्ड (आडोसा) कामाचा वेग कमी करतो तो दोन दिवसांत काढून कोपऱ्यात ठेवला जातो. काढणाऱ्याला दोष देऊन काही हाती लागत नाही, त्याच्या घरची चूल त्या वेगावर पेटते. म्हणून कुठलाही उपाय ठरवताना पहिला प्रश्न हा: यानं काम सोपं होईल की अवघड? त्याचं खरं उत्तर त्या यंत्रावर उभं राहणाऱ्या माणसाकडेच असतं. मालकाकडे नाही, आमच्यासारख्या बाहेरून येणाऱ्यांकडे तर अजिबात नाही.

पहिली पायरी: माणसं जमवा

पाच ते पंधरा माणसं पुरेत. धंदा अगदीच लहान असेल तर शेजारचे दोन-तीन कारखाने एकत्र करा. मालक हवा, कारण कपाटाची किल्ली त्याच्याकडे असते. पण मालकानं बोलायचं शेवटी. नव्यानं लागलेला हेल्पर हवा, कारण जुन्या माणसाच्या अंगवळणी पडलेला धोका त्याला अजून दिसतो. बायका काम करत असतील तर त्यांच्यातल्या किमान दोघी हव्यात. एकटी बाई पुरुषांच्या बैठकीत संडासाचा विषय काढणार नाही.

आपल्या फाउंड्रीत मराठी आणि कन्नड बोलणारे असतातच, शिवाय बिहार-ओडिशाकडून आलेली पोरंही असतात. अशा ठिकाणी लिहिलेल्या सूचनेपेक्षा फोटो कामाला येतो. चेकलिस्टच्या प्रत्येक ओळीशेजारी एक फोटो किंवा साधं रेखाटन असू द्या, आणि वाचता न येणाऱ्यासाठी गटात एकानं मोठ्यानं वाचावं.

वेळ कामाच्या तासांतलीच घ्या. शनिवारी आठवड्याचा पगार वाटायच्या आधीचा एक-दीड तास सोयीचा पडतो. त्या वेळेचे पैसे कापायचे नाहीत, हे मालकानं बसल्या बसल्या सांगावं. दुसरी गोष्ट त्यानं सांगायची ती अशी की आज इथं जे बोललं जाईल त्यावरून कुणाला कामावरून काढणार नाही. या दोन वाक्यांशिवाय बैठक घेऊ नका. त्याशिवाय लोक चहा पिऊन, मान हलवून घरी जातात.

दुसरी पायरी: चांगलं काय आहे ते आधी बघा

सुरुवातीलाच चुका काढल्या की मालक आखडतो आणि कामगार गप्प बसतो. त्याऐवजी आजूबाजूच्या दोन-चार कारखान्यांत फिरून चांगल्या गोष्टींचे मोबाइलवर फोटो काढा. एखाद्यानं हत्यारं भिंतीवर आकार रंगवून टांगलेली असतात, त्यामुळे पाना कुठं गेला हे एका नजरेत कळतं. एखाद्यानं पत्र्याच्या छपरात मधे पारदर्शक पत्रा बसवलेला असतो. कुणी भट्टीपाशी पाण्याचा माठ आणि नळाचं पिंप ठेवलेलं असतं. हे फोटो बैठकीत दाखवा आणि विचारा, ‘यातलं आपल्याकडे काय काय आहे? काय करता येईल?’

फोटो इथलेच हवेत. जर्मनीतल्या चकचकीत कारखान्याचं चित्र दाखवलं की लोकांना वाटतं, हे आपल्या ऐपतीतलं नाही. कंग्राळीच्या किंवा अनगोळच्या एखाद्या शेडमधला फोटो दाखवला की पहिला प्रश्न येतो, ‘हे कुणाकडचं? केवढ्याला पडलं?’ तिथून काम सुरू होतं.

तिसरी पायरी: चेकलिस्ट

साधारण वीस-पंचवीस ओळींची यादी पुरते. इथं एक बारकावा महत्त्वाचा आहे. ओळ दोष शोधणारी नको, करायची गोष्ट सांगणारी हवी. ‘बेल्टला गार्ड नाही’ असं न लिहिता ‘फिरत्या बेल्टला आणि पुलीला गार्ड बसवा’ असं लिहा. तिच्यापुढे प्रश्न एकच: हे करायला हवं असं तुम्ही सुचवता का? उत्तरांचे तीन चौकोन: नाही, हो, आणि आधी करायला हवं. जिथं आधीच ठीक आहे तिथं ‘नाही’वर खूण. अशा यादीला गुण नसतात आणि नापास कुणी होत नाही.

ओळी सहा भागांत वाटल्या की काही सुटत नाही: मालाची ने-आण आणि साठवण; काम करायची जागा आणि उंची; यंत्रांची सुरक्षा; उजेड, उष्णता, धूळ आणि रसायनं; पाणी, संडास, विश्रांती; आणि कामाची पाळी व वाटणी. आपल्या धंद्याला लागू नसलेल्या ओळी निर्दयपणे खोडा. विडी वळणाऱ्या बाईच्या यादीत क्रेन कशाला?

चौथी पायरी: फेरी

यादी हातात घेऊन सगळ्यांनी एकत्र अख्ख्या जागेतून चालत जायचं: माल उतरतो तिथून तयार माल गाडीत चढतो तिथपर्यंत. यंत्रं चालू असताना जा, कारण बंद यंत्रात धोका दिसत नाही. प्रत्येकानं आपापली यादी स्वतः भरायची, फेरीत चर्चा नको. जो माणूस जिथं काम करतो तिथं थांबून त्याला दोनच प्रश्न विचारा: इथं काय सोपं जातं, आणि काय करताना भीती वाटते किंवा अंग दुखतं?

हा दुसरा प्रश्न मन लावून विचारा. एका वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरच्या बेल्टचा गार्ड भिंतीला टेकवून ठेवलेला होता, त्यावर धुळीचा थर. मालकाचं म्हणणं, ‘सांगून सांगून दमलो, लावतच नाहीत.’ त्यावर तिथला जुना माणूस म्हणाला, ‘मालक, बेल्ट दोन दिसाला ढिला होतोय. दर खेपेला चार बोल्ट काढा, पाना हुडका, परत लावा. अर्धा तास जातोय बघा. कोण करत बसंल?’ गार्ड होता, पैसे खर्च झाले होते, पण तो बनवताना बेल्ट कोण ताणतो हे कुणी विचारलं नव्हतं. तोच गार्ड एका बाजूला दोन बिजागऱ्या वेल्ड करून दुसऱ्या बाजूला कडी लावून बसवला. पुढं वायरची जाळी लावली, म्हणजे बेल्ट ढिला झालाय का हे न उघडताच दिसतं. मेन स्विच तिथंच हाताशी आणला आणि नियम ठरला: आधी स्विच बंद, चाक पूर्ण थांबलं की मगच कडी. सामान भंगारातलं, वेल्डिंग घरचंच.

पाचवी पायरी: गटात बसा

चार-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटानं तीन चांगल्या गोष्टी आणि तीन सुधारायच्या गोष्टी सांगायच्या, प्रत्येकीला कारण द्यायचं. तीनच. दहा गोष्टींची यादी भिंतीवर लागते आणि तिथंच राहते. शक्यतो मालक एका गटात, मुकादम दुसऱ्या गटात. शेवटी सगळ्यांचे मुद्दे फळ्यावर लिहून हात वर करून ठरवा की या आठवड्यात काय होईल, या महिन्यात काय, आणि कशाला पैसे जमवावे लागतील.

निवडताना उपायांचा क्रम डोक्यात ठेवा. धोकाच काढून टाकता येतो का? नाही तर त्याऐवजी कमी धोक्याची वस्तू वापरता येते का? नाही तर मधे आडोसा, गार्ड, अंतर घालता येतं का? त्यानंतर काम करण्याची रीत बदला. मास्क, हातमोजे, चष्मा हे सगळ्यात शेवटी. आपल्याकडे उलटं होतं: सुरक्षा म्हटलं की पहिल्यांदा मास्कचा गठ्ठा येतो. फिरत्या ड्रिलपाशी तर कापडी हातमोजे घालूच नयेत, कापड गुंडाळलं की बोटंही त्याबरोबर ओढली जातात.

कुठं काय करता येईल

*गुऱ्हाळ.* हंगामात रात्रंदिवस चालणारं, उधारीच्या जागेवर उभं केलेलं, आणि म्हणून सगळ्यात दुर्लक्षित. चरकात ऊस सारताना हात रुळांत जाणं हा इथला सगळ्यात भयानक अपघात. उपाय लाकडी आहे: ऊस सारायच्या तोंडाला फळ्यांची नळीसारखी घसरण बसवा, तिची लांबी माणसाच्या पूर्ण हातापेक्षा जास्त ठेवा, आणि वरून झाका. मग कितीही झोप आली तरी बोटं रुळापर्यंत पोचत नाहीत. शेवटचं कांडं ढकलायला हात नको, दुसरा ऊस वापरा. मोटर बंद करायचं बटण ऊस सारणाऱ्याच्या हाताशी हवं, दुसऱ्या टोकाच्या खोलीत नको. पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली, बाह्या वर.

काहिलीचं (रस आटवायच्या मोठ्या कढईचं) तोंड जमिनीच्या पातळीला असतं, तिथं पाय घसरला की माणूस उकळत्या रसात. काठाभोवती गुडघ्याएवढा विटांचा कठडा उभा करा. गुळव्याला ढवळायला आणि काहील उतरवायला जागा लागते, म्हणून तो कुठं ठेवायचा आणि कुठं मोकळा सोडायचा हे त्यालाच विचारा. सांडलेल्या रसावर लगेच राख किंवा कोरडी चिपाडं टाका. जळव्यासमोर (जाळ घालणाऱ्यासमोर) वाळक्या चिपाडांचा ढीग चुलवाणाच्या तोंडापासून लांब ठेवा, आणि त्या ढिगावर पोरं झोपवू नका. थंडीत उबेला येऊन झोपतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी जागा आधीच ठरवून द्या.

*फाउंड्री.* ओतकामात पहिला शत्रू पाणी. वितळलेल्या धातूखाली पाणी अडकलं की त्याची क्षणात वाफ होते आणि ती सुमारे १,७०० पट जागा मागते. धातू उसळतो तो त्यामुळे. जून ते सप्टेंबर बेळगावात पाऊस थांबत नाही आणि स्क्रॅपचा ढीग अंगणात भिजत पडलेला असतो. पावसाळ्याआधी स्क्रॅपवर पत्रा टाका, भट्टीत घालायच्या आधीचा माल एक दिवस तरी भट्टीजवळच्या कोरड्या जागी ठेवा. लॅडल (वितळलेला धातू न्यायचं भांडं) तापवून कोरडी केल्याशिवाय धातू घ्यायचा नाही. लॅडल घेऊन चालायची वाट पिवळ्या पट्ट्यानं आखा आणि तिच्यावर काहीही ठेवायचं नाही, एक मिनिटसुद्धा. पँट बुटाच्या आत खोचू नका, बाहेर ठेवा, म्हणजे ठिणगी बुटात पडत नाही.

दुसरा धोका दिसत नाही: वाळूची बारीक धूळ. वाळूतली सिलिका वर्षानुवर्षं छातीत साठते, आणि सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार झाला की तो बरा होत नाही. कोरड्या झाडूनं झाडणं बंद करा, आधी हलकं पाणी शिंपडा (ओतकामाच्या जागेपासून दूर, आणि ओतायच्या आधी ती जमीन पूर्ण कोरडी). कॉम्प्रेसरच्या हवेनं अंगावरचे कपडे झटकायची सवय मोडा. फेटलिंगची (ओतलेला माल घासून साफ करायची) जागा शेडच्या ज्या बाजूनं वारा बाहेर जातो त्या बाजूला हलवा. जागा बदलायला पैसे लागत नाहीत.

बेंच ग्राइंडरबद्दल दोन नेमक्या गोष्टी. टूल-रेस्ट (जॉब टेकवायची पट्टी) आणि दगड यांतली फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाही तर जॉब आत ओढला जातो. नवा दगड बसवण्याआधी टांगून लाकडी मुठीनं हलकं ठोका: खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तडा असतो, फेकून द्या. बसवल्यावर बाजूला उभं राहून किमान एक मिनिट मोकळा फिरवा.

*विडी आणि वखार.* निपाणीत हे काम घरात चालतं, म्हणून त्याला कामाची जागा म्हणून कुणी बघतच नाही. मांडीवर सूप, मान खाली, दहा-दहा तास. एक मावशी दाराच्या उंबऱ्याशी भिंतीकडे तोंड करून बसायच्या, ‘रस्त्याकडं तोंड नको’ म्हणून. सावली सरळ सुपात पडायची. त्यांच्याच मुलीनं जागा फिरवली: पाठ भिंतीला, पाठीमागं घडी घातलेली सतरंजी, उजेड डाव्या बाजूनं, आणि सुपाखाली एक पाट, म्हणजे सूप वर येतं आणि मान कमी वाकते. दाराला अर्धा पडदा लावला, रस्त्यावरून कुणाला दिसायला नको. मानेचं दुखणं पूर्ण गेलं नाही, पण रात्री मान शेकावी लागत नाही, असं त्या म्हणाल्या. इतकंसं काम, पण ते घरातल्याच माणसाला सुचलं.

तंबाखूतलं निकोटीन कातडीतून अंगात जातं. जेवायच्या आधी, पोराला पाजायच्या आधी साबणानं हात धुणं हा इथला सगळ्यात स्वस्त उपाय. तंबाखू झाकणाच्या डब्यात, चुलीपासून आणि झोपायच्या जागेपासून लांब. वखारीत चाळणीचं काम दोन समोरासमोरच्या दारांच्या मधे घ्या, बायकांची पाठ वाऱ्याकडे, म्हणजे धूळ तोंडावर न येता पुढं जाते. तोंडावर बांधलेला पदर मोठा कचरा अडवतो, बारीक धूळ नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा.

*माग.* धोटा उडू नये म्हणून फणीपुढची गार्डची सळई जागेवर आहे का बघा, आणि धोट्याच्या वाटेच्या सरळ रेषेत पोरांना अभ्यासाला बसवू नका. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज ८५ डेसिबलच्या वर आहे असं समजा. आठ तास तो रोज ऐकला की कान हळूहळू जातात. मागाच्या पायाखाली रबराचे जाड तुकडे, ढिले झालेले भाग घट्ट करणं, वेळेवर तेल, आणि इअर-प्लग. कांड्या भरणाऱ्यांना तरी दुसऱ्या खोलीत बसवा.

*चप्पल आणि फॅब्रिकेशन.* चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडा ठेवू नका, ब्रश जाईल एवढंच भोक ठेवा. काही सोल्युशनमध्ये हेक्झेन नावाचं रसायन असतं, त्यानं हातापायांच्या नसा बधिर होतात. खिडकीपाशी बसा, आणि डब्याजवळ विडी-सिगारेट नको. अँगल ग्राइंडरचं कव्हर काढून मोठी डिस्क बसवायची पद्धत सगळीकडे दिसते, ती एका दिवसात बंद करा. इथं चर्चेला जागा नाही.

सगळीकडे लागू असलेलं

ओझं: अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या सूत्रात अगदी सोयीच्या स्थितीतही उचलायच्या वजनाची शिफारस २३ किलोची आहे. आपली सिमेंटची पिशवी ५० किलोची. भंगारातल्या चाकांचा गाडा, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीची मांडणी, आणि जड माल कमरेच्या उंचीला ठेवणं, एवढ्यानं पाठीवरचा बराच ताण टळतो. कामाची उंची कोपराच्या जवळपास ठेवा, जड कामाला थोडी खाली. उंच माणसासाठी टेबलाखाली ठोकळे, बुटक्यासाठी पायाखाली फळी.

उष्णता: एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहवत नाही. छपराला वरून चुन्याचा पांढरा हात द्या. उष्ण कामात दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी हवं, म्हणून पाणी कामाच्या जागेपासून चार पावलांवर ठेवा.

आणि संडास. ज्या वखारीत, वीटभट्टीवर बायकांना संडास नाही तिथं त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. मूत्रमार्गाचे आजार, चक्कर, उन्हाचा त्रास हे सगळं तिथून सुरू होतं. बैठकीत बायका हा विषय एकदा बोलल्या की मी तो कायम पहिल्या नंबरवर घ्यायला लावतो. दार, आतून कडी, दिवा, बादली, पाणी. चार मालकांनी मिळून एक बांधला तरी चालतो.

जुगाड कुठं करायचा नाही

काही गोष्टी गटात ठरवून घरच्या घरी करायच्या नाहीत. वायरिंग आणि अर्थिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की आपोआप बंद होणारा स्विच) बसवून घ्या. शॉक लागताना तोच जीव वाचवतो. कॉम्प्रेसरची गंजलेली टाकी वेल्ड करून वापरू नका. जुन्या डिझेल-पेट्रोलच्या पिंपावर गॅस कटर चालवू नका. विहीर, टाकी, सेप्टिक खड्डा यांत कुणी बेशुद्ध पडलं तर त्याच्या मागोमाग उतरू नका, वाचवायला गेलेलाही तिथंच पडतो. सिलिका असलेल्या कामात वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे करून घ्या.

सहावी पायरी: पैसे, नाव, तारीख

ठरलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे फळ्यावर तीन गोष्टी लिहा: कोण करणार, कुठल्या तारखेपर्यंत, कुठलं सामान. पहिल्या आठवड्यात एक तरी काम पूर्ण झालं पाहिजे, मग ते कितीही लहान असो. ते झालेलं दिसलं की लोक पुढचं स्वतःहून सुचवतात. थोड्या मोठ्या खर्चासाठी शेजारच्या चार-पाच शेडनी भिशी लावावी, दर महिन्याला एकाचं काम. विडी कामगार बायकांच्या बचत गटातून पाट, पंखा, एलईडी दिवे घेता येतात.

दहा किंवा जास्त कामगार असतील तर ईएसआयची (कामगार राज्य विमा योजनेची) नोंद बघा. त्याहून लहान जागीही अपघाताच्या भरपाईची जबाबदारी मालकावर येऊ शकते (आधी १९२३ च्या भरपाई कायद्याखाली, नोव्हेंबर २०२५ पासून २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेखाली), म्हणून त्यासाठीची विमा पॉलिसी मालकालाच वाचवते. असंघटित कामगारांनी सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नाव घालावं, विडी कामगारांनी ओळखपत्र काढून घ्यावं.

सातवी पायरी: पुन्हा बघा

एक महिन्यानं तोच गट, तीच यादी, तीच फेरी. आधी आणि नंतरचा फोटो एकाच जागेवरून, एकाच कोनातून काढा. काढून ठेवलेला गार्ड दिसला तर ओरडू नका, ‘का काढावा लागला?’ एवढंच विचारा आणि गार्ड बदला. मधल्या काळात थोडक्यात चुकलेले प्रसंग एका वहीत लिहायला सांगा: हात जाता जाता राहिला, पाय घसरला पण पडलो नाही. नावं लिहायची नाहीत. पुढची बैठक याच वहीनं सुरू करा.

वर्षाच्या फेरीला खंडेनवमी उत्तम. त्या दिवशी नाहीतरी सगळी यंत्रं पुसून, तेल घालून, हळदकुंकू लावून पूजेला ठेवतो. पुसताना प्रत्येक यंत्राचा गार्ड, वायर, बटण बघून घ्या आणि जे तुटलेलं आहे ते त्याच दिवशी फळ्यावर लिहा.

तरी अपघात झालाच तर

आधी स्विच बंद. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं गार पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई काहीही नको, बर्फ नको. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरा. बोट तुटलं तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिक पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा, बोट थेट बर्फात किंवा पाण्यात नको. शॉक लागलेल्याला वीज तोडल्याशिवाय हात लावू नका. १०८ हा नंबर दारावर मोठ्या अक्षरांत, आणि खाली शेडचा पत्ता खुणेसह मराठी आणि कन्नडमध्ये लिहून ठेवा. घाबरलेल्या माणसाला फोनवर पत्ता आठवत नाही, आणि नव्या पोरांना तर तो माहीतच नसतो.

पहिल्या दोन-तीन सुधारणा झाल्या की त्यांचे आधी-नंतरचे फोटो आपल्या असोसिएशनच्या, फाउंड्री क्लस्टरच्या किंवा विणकरांच्या बैठकीत दाखवा. फोटोखाली सामान, लागलेला वेळ आणि खर्च लिहा, आणि ज्या कामगारानं ती गोष्ट सुचवली त्याची परवानगी घेऊन त्याचं नाव. दाखवायला मालकाबरोबर तो कामगारही उभा राहू दे. बाकीच्यांना काय विचारायचं असेल ते त्यालाच विचारता येईल.